स्विमिंग पूलच्या शिडीला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंग आहे, तरी असं का? (गंगापूर रोड, नाशिक)

आधी मेन स्विच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. झिणझिण्या येतात म्हणजे शिडी आणि पाणी यांच्या व्होल्टेजमध्ये फरक आहे. नुसत्या अर्थिंगने तो जाईलच असं नाही. त्यासाठी बाँडिंग लागतं: शिडी, रेलिंग, पंपाची बॉडी, काँक्रीटमधली सळई, सगळं तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायचं. मी पाहिलेल्या एका पूलमध्ये शिडीच्या बुडाशी क्लॅम्पवर हिरवा गंज चढून तार सुटली होती, वरून काहीच दिसत नव्हतं. पंपाला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवीच. पाण्यातले दिवे 12 व्होल्टचेच घ्या. उन्हाळ्यात अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) कोरडा पडतो, त्याचा रेझिस्टन्सही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.