एकाच शेगडीवर, कमी साहित्यात, पण पाहुण्यांना वाढता येतील असे घरचे पाच साधे पदार्थ कोणते?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच पुण्यात आलात, वाघोलीला भाड्याची खोली आहे, एक शेगडी आणि पाच लिटरचा कुकर एवढाच संसार आहे, आणि पुढच्या रविवारी ऑफिसातले चौघं जेवायला येणार आहेत. पाच पदार्थ मागितलेत. आणि शेवटी एक वाक्य टाकलंय, 'वरण-भात वगैरे सुचवू नका, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.' त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलोय.

वरण-भात पाहुण्यांसमोर उत्तम दिसतो. बरं दिसत नाही ते नीट न केलेलं वरण. डाळ तळाला, पिवळं पाणी वर, आणि ते झाकायला जिरं-मिरची-लसणाची फोडणी. फोडणी हा चुकलेल्या वरणावरचा उपाय आहे, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

२०१४ च्या मे महिन्यात माझ्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ८१वं वर्ष, आयुष्यात हजार पौर्णिमा पाहून झाल्या म्हणून करतात ते. आम्ही तेव्हाही कर्वेनगरलाच राहत होतो, बाबा आमच्याकडे. दादा, माझा थोरला भाऊ, औंधला. तीस माणसं जेवायला. दादाने केटररचा मेनू कागदावर लिहून आणला होता: पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, जिरा राईस, दाल फ्राय, गुलाबजाम. त्याने तो बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "मला साधं वरण, भात, वर तूप आणि लिंबू. बाकी तुम्हाला हवं ते करा."

दादा म्हणाला, "अहो बाबा, ते तुम्ही रोज खाताच की. लोकांना काय घालायचं ते चाललंय."

मी म्हटलं, दिवस बाबांचा आहे, जेवण बाबांचं होऊ दे. मी घरी करतो. २०१० मध्ये आईचं खुब्याचं हाड मोडलं, बायकोची नोकरी शिफ्टची, तेव्हापासून घरातला स्वयंपाक माझ्याकडे आहे. आई पलंगावरून सांगायची आणि मी करायचो. ती २०११ मध्ये गेली तोवर मला रोजचं सगळं येत होतं. पण दादाच्या डोळ्यांसमोर मी अजून ओट्याशी चाचपडणारा धाकटा भाऊ होतो. तो म्हणाला, "पुण्याच्या माणसांनी पुन्हा एकदा वरण-भातावर बोळवण केली म्हणतील. आजाऱ्याचं जेवण घालून वर कंजूष ठरायचं." हे 'कंजूष' मला फार लागलं. अजून लागतं.

आईचं एक मोठं पितळी पातेलं आहे. नारायण पेठेत राहत असताना १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, घरात पाणी शिरलं, आणि पूर ओसरल्यावर चिखलातून जी थोडी भांडी हाती लागली त्यातलं हे एक. दादा तेव्हा वर्षाचा, माझा जन्म नंतरचा. बाबा सांगायचे की त्यानंतर ज्या नातेवाइकांकडे आसरा घेतला, तिथे पहिलं गरम जेवण मिळालं ते वरण-भाताचं. ते पातेलं मी समारंभाच्या दोन दिवस आधी कसब्यात तांबट आळीला नेऊन कल्हई करून आणलं. नवसागर टाकून तापलेल्या पितळेवर कथलाचा हात फिरला की आतून चांदीसारखं होतं. बाबांच्या या जेवणाचं वरण याच पातेल्यात करायचं असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी नीट येत नव्हतं. आदल्या रात्री टँकर आला, तो बोअरच्या पाण्याचा. प्यायचं पाणी वेगळं भरलं होतं, पण स्वयंपाकाचं पिंप टँकरचंच. दीड किलो तूरडाळ त्यातच भिजवली, त्याच पाण्यात पातेल्यात चढवली. सकाळी नऊला. साडेदहा झाले, डाळ उकळतेय, फेस येतोय, पण दाणा बोटात दाबला की कणी. अकरा वाजले, तीच कणी. पंचवीस वर्षं खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यात डाळ शिजवलेल्या घरात हा अनुभव कोणालाच नव्हता.

कारण मला नंतर कळलं आणि तुम्हाला ते आधी कळायला हवं, कारण तुमच्याकडे टँकर किंवा बोअर असायची शक्यता बरीच आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. डाळीच्या पेशी ज्या पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्याला ते आणखी घट्ट बांधतं. डाळ उकळत राहते, फुटत नाही. चिंच किंवा कोकम आधी घातलं तरी डाळ अशीच अडते, म्हणून आमटीत आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. जुनी, वर्षभर पडलेली डाळ असेल तर आणखी वाईट. तेव्हा डाळ भिजवायला आणि शिजवायला प्यायचं पाणी वापरा, गाळलेलं किंवा जारचं. धुवायला टँकरचं चालेल.

सव्वाअकराला मी खालच्या दुकानातून वीस लिटरचा जार आणला, नवीन डाळ धुतली, आमचा कुकर आणि शेजारच्या काकूंचा कुकर असे दोन्ही लावले, दोन फेऱ्या केल्या. जेवण साडेबाराला बसायचं ते दीडला बसलं. तासभर लोक ताटकळले. दादा दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात यायचा आणि काही न बोलता जायचा. बायको आणि वहिनींनी खमंग काकडी आणि पापड आधीच फिरवले, म्हणून निभावलं. दादा जे बोलला ते पंगत उठल्यावर, सगळ्यांसमोर: "म्हणून सांगत होतो केटरर बोलवा. तीस लोकांना तास थांबवलं आणि घातलं काय, तर वरण-भात."

गेल्या दहा वर्षांत आमच्याकडच्या प्रत्येक लग्नामुंजीत त्याने ही गोष्ट सांगितली आहे. उशीर झाला हे खरं, आणि तो माझ्यामुळे झाला. पण त्याच्या सांगण्यात दोन गोष्टी कधीच येत नाहीत. एक, त्या पंगतीला घरी कढवलेलं सव्वा किलो साजूक तूप लागलं, आणि भात मावळातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलेल्या आंबेमोहोराचा होता, वास जिन्यापर्यंत जाणारा. ज्याला हे कंजूष वाटतं त्याने पनीरच्या ताटात तूप किती पडतं ते मोजावं. आणि दुसरी, अडीच किलो तांदळाच्या भातातलं मूठभरही उरलं नाही. बाबांनी तीनदा भात घेतला. म्हणाले, "तुझ्या आईचं यापेक्षा जरा घट्ट असायचं." ते बरोबर होतं. घाईत मी पाणी जास्त घातलं होतं.

आता तुमचं वरण. पाच माणसांना सव्वा वाटी तूरडाळ. दोन-तीन पाण्यांनी धुवून अर्धा तास भिजवा. भिजवलेलं पाणी काढून तिपटीला थोडं कमी नवं पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, चार थेंब तेल. मीठ आता नाही. दुसऱ्या डब्यात दोन वाट्या तांदूळ. आंबेमोहोर मिळाला तर उत्तम, नाहीतर इंद्रायणी. इंद्रायणी ही त्याचीच लेक, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या दोन जातींच्या संकरातून. ती चिकट होते, म्हणून वाटीला दोन वाट्याच पाणी. तांदूळ जुना असेल तर अर्धी वाटी जास्त. डाळीचा डबा खाली, भाताचा वर. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून आणखी तीन. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढण्याची घाई केलीत तर डाळ कच्ची राहील.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं आणि आईने मला पलंगावरून शंभरदा ओरडून सांगितलेलं: डाळ गरम असतानाच घोटा, आणि पाणी घालायच्या आधी घोटा. रवीने, नाहीतर पळीच्या पाठीने. आधी पाणी ओतलंत की दाणे पळीखालून निसटतात आणि मग कितीही घोटा, वरण आणि पाणी वेगळं राहतं. गंधासारखं एकजीव झालं की उकळतं पाणी थोडं थोडं घाला, मीठ, सुपारीएवढा गूळ, आणि एकच उकळी. भाताच्या मुदीवर घातल्यावर वरण वरून सावकाश उतरलं पाहिजे, ताटभर पळालं तर पातळ झालं. वर तूप, बाजूला लिंबाची फोड. मिक्सर लावू नका, चिकट होतं.

खमंग काकडीला पाच-सहा कोवळ्या काकड्या. टोक कापून चाखा, एखादी कडू निघते. किसू नका, चोचवा, म्हणजे सुरीने किंवा विळीवर बारीक चिरा. किसली की नुसतं पाणी होतं. दाण्याचं कूट अर्धी वाटी, मूठभर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, चमचाभर साखर. तुपात जिरं आणि हिरवी मिरची तडतडवून वर. मीठ अगदी वाढायच्या वेळी, नाहीतर पाहुणे दारात येईपर्यंत काकडी पोहायला लागेल. आमच्या त्या पंगतीत सगळ्यांनी आधी वाखाणलं ते हेच.

बटाट्याच्या काचऱ्या: पाऊण किलो बटाटे, सालं ठेवून, पातळ चकत्या करून त्यांचे उभे तुकडे. लोखंडी कढईत तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद, काचऱ्या, झाकणावर पाणी ठेवून वाफ. मऊ झाल्या की झाकण काढायचं, तिखट-मीठ-चिमूटभर साखर, आणि मग दहा मिनिटं हात आवरायचा, सारखं ढवळायचं नाही. तेव्हाच कडा खरपूस होतात.

गोडाला शिकरण. चार-पाच पिकलेली पण टणक केळी, तापवून पूर्ण गार केलेलं अर्धा लिटर दूध, साखर, वेलची. जेवायला बसताना केळी कापा, आधी कापलीत तर काळी पडतात.

एका शेगडीवर क्रम असा: आधी काचऱ्या, त्या कोमट चालतात. मग काकडीची फोडणी. कुकर शेवटी, पाहुणे यायच्या पाऊण तास आधी. पोळ्या जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून आणा, त्यात लाज वाटायचं काही नाही, एका शेगडीवर पाच जणांच्या पोळ्या करत बसलात तर तुम्ही त्यांच्याबरोबर जेवणार कधी?

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. वर फोडणीबद्दल जे लिहिलं ते आमच्या घरचं आणि साध्या वरणापुरतं. विदर्भात फोडणीचं वरण ही रीतसर वेगळी, चांगली गोष्ट आहे, आणि तुमच्या चौघांत कोणी तिकडचं असेल तर त्याला विचारून करा. गूळही ज्याला नको त्याला नको. आणि तीस माणसांची डाळ उघड्या पातेल्यात शिजवण्याचा हट्ट चुकीचा होता, हे मी दादाला आजवर कबूल केलेलं नाही, इथे करतोय. पातेलं चुकलं, पाणी चुकलं. जेवण चुकलं नव्हतं.

पाचवा पदार्थ राहिला. आमटी सांगणार होतो, पण गोडा मसाला घरोघरी वेगळा, तुमच्याकडे कुठला आहे हे कळल्याशिवाय प्रमाण सांगून उपयोग नाही. डब्यावर काय लिहिलंय ते खाली कळवा, रविवारच्या आत लिहितो.