भाड्याचं घर आणि टॉप-अपचं मीटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंग्लंडमधल्या रेडिंगला भाड्याच्या घरात राहायला आलो. वीज किल्लीवर, गॅस कार्डावर, म्हणजे पैसे आधी भरायचे आणि मग वापरायचं. दर चार दिवसांनी दुकानात जाऊन पैसे भरावे लागतात. महिन्याच्या बिलावर जायचं म्हटलं तर एजंट सांगतो, मालकाची परवानगी नाही. काय करावं?

उत्तर : एजंट म्हणतो तसं नाही. वीज-गॅसचं खातं तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही कंपनीला थेट पैसे भरत असाल, तर कंपनीही तुम्ही निवडायची आणि मीटरचा प्रकारही. मालकाने विनाकारण आडकाठी करू नये, अशीच ऑफजेम या नियामक संस्थेची भूमिका आहे. तरी आधी भाडेकरारातलं वीज-गॅसचं कलम शोधून वाचा. बहुतेक करारांत दोन अटी सापडतात : बदल करण्याआधी कळवा, आणि घर सोडताना मीटर होतं तसं करून द्या. पहिली अट एका ईमेलने भागते. दुसरी जपून वाचा, कारण मीटर पूर्ववत करण्याचा खर्च मालक तुमच्या डिपॉझिटमधून मागू शकतो.

यावर एक सोपी तोड आहे. किल्लीचं जुनं मीटर काढलं की त्या जागी आता बहुधा स्मार्ट मीटर, म्हणजे आकडा आपोआप कंपनीला कळवणारं मीटर, बसतं. एकच स्मार्ट मीटर प्रीपे (आधी पैसे भरायचं) म्हणूनही चालतं आणि बिलावरही, आणि हा बदल कंपनी तिच्या कचेरीतूनच करते. म्हणजे घर सोडताना 'पूर्ववत करा' म्हटलं तरी कुणाला भिंत उकरावी लागत नाही. ईमेलमध्ये हे स्पष्ट लिहा. बऱ्याच मालकांचा विरोध इथेच मावळतो. एजंटशी फोनवर बोलू नका, सगळं लेखी ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. आधी दोन्ही मीटरचे फोटो काढा, आकडा आणि मीटरचा क्रमांक दिसेल असे. मग कंपनी कोणती ते पाहा. गॅससाठी 'फाइंड माय सप्लायर' या संकेतस्थळावर पत्ता टाकला की नाव कळतं, विजेसाठी त्या भागाच्या तारा सांभाळणाऱ्या नेटवर्क कंपनीला विचारायचं. वीज आणि गॅस एकाच कंपनीचे असतील असं गृहीत धरू नका. विजेच्या जोडणीचा क्रमांक, एमपॅन, १३ आकडी असतो, गॅसचा एमपीआरएन ६ ते १० आकडी. हे मीटरच्या पत्र्यावर छापलेले क्रमांक नव्हेत. लोक नेमके पत्र्यावरचेच वाचून दाखवतात आणि अर्ज अडकतो.

कंपनीला फोन केल्यावर तीन गोष्टी विचारा. मीटरवर थकबाकी आहे का? मीटर बदलायचे पैसे लागतात का? (मोठ्या कंपन्या सहसा घेत नाहीत.) क्रेडिट चेक, म्हणजे तुमची पत तपासणं, होणार का? थकबाकी असेल तर ती आधी फेडा असंच सांगतील. कंपनी बदलून थकबाकीतून सुटता येईल, असा समज करून घेऊ नका. प्रत्येक इंधनामागे ५०० पाउंडांपर्यंतचं देणं घेऊन कंपनी बदलता येते, पण ते देणं नव्या कंपनीकडे जातं आणि मीटर प्रीपेच राहतं.

इंजिनिअर येईल त्या दिवशी घरात १८ वर्षांवरची व्यक्ती हवी. वीज थोडा वेळ बंद राहते. काम फसतं ते बहुधा जागेमुळे. मीटरचं कपाट सामायिक जिन्याखाली असतं आणि किल्ली एजंटकडे. जुन्या घरांत मीटरमागच्या फळीत अॅस्बेस्टॉस (श्वासात गेल्यास घातक ठरणारे तंतू) निघाला, तर इंजिनिअर हात न लावता परत जातो. गॅसचं मीटर बदलताना तो घरातली गॅसची उपकरणंही तपासतो आणि बॉयलर धोकादायक वाटला तर बंद करून नोटीस लावतो. ती दुरुस्ती मालकाची, पण थंडीत कुडकुडायचं तुम्ही. म्हणून हे काम ऑक्टोबरआधी उरका आणि मालकाकडे चालू वर्षाचा गॅस सेफ्टीचा दाखला आहे ना, ते बघून घ्या.

जुनं मीटर निघण्याआधी शेवटचा आकडा आणि शिल्लक यांचा फोटो काढा. शिल्लक परत मिळते किंवा नव्या खात्यात जमा होते. किल्ली आणि कार्ड पहिलं बिल येईपर्यंत टाकू नका.

प्रश्न : मीटर आधीच स्मार्ट आहे, अॅपवरून टॉप-अप करतो. तरी इंजिनिअर लागेल का?

उत्तर : सहसा नाही. 'प्रीपेवरून क्रेडिट मोडवर (म्हणजे बिलावर) न्या' एवढंच सांगा. मीटरचा नेटवर्कशी संपर्क तुटलेला असेल तरच माणूस यावा लागतो.

प्रश्न : २० पाउंड भरले तर मीटरवर १४ च दिसतात. आम्ही येऊन महिनाही झाला नाही.

उत्तर : आधीच्या भाडेकरूचं देणं तुम्ही फेडताय, अशी दाट शक्यता आहे. जुन्या किल्लीवर किंवा कार्डावर त्याच्या वसुलीची नोंद असते आणि प्रत्येक टॉप-अपमधून ती कापली जाते. ती किल्ली वापरणं आजच थांबवा. कंपनीला राहायला आल्याची तारीख, भाडेकरार आणि मीटरचा फोटो पाठवा, स्वतःच्या नावाची नवी किल्ली मागा आणि कापलेले पैसेही मागा. मध्ये घर रिकामं असताना साचलेला स्टँडिंग चार्जही (वापर असो-नसो, रोज लागणारा ठरावीक आकार) तुमचा नाही. कंपनी दाद देत नसेल तर रीतसर तक्रार नोंदवा. ८ आठवड्यांत प्रश्न सुटला नाही, तर एनर्जी ओम्बड्समन या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे फुकट जाता येतं आणि तिथला निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

प्रश्न : पुण्याहून शिकायला आलोय. क्रेडिट चेकमध्ये नापास, कारण इथला इतिहासच नाही. कंपनी डिपॉझिट मागते.

उत्तर : मागू शकते. ते किती महिन्यांनी परत मिळणार, हे लेखी घ्या आणि डायरेक्ट डेबिट (बँकेतून दरमहा आपोआप पैसे जाणं) लावायची तयारी दाखवा, तेवढ्यावर काही कंपन्या डिपॉझिट सोडतात. नाहीतर दुसऱ्या कंपनीला विचारा, सगळ्यांची फूटपट्टी एक नसते. दुसरं, भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून इथे मतदार यादीत नाव घालू शकतात. लोकांच्या पतीची नोंद (क्रेडिट फाइल) ठेवणाऱ्या क्रेडिट संस्था पत्ता त्या यादीवरून पडताळतात. नोंदणी फुकट आहे आणि नवख्या माणसाला हा सर्वांत सोपा आधार. फक्त नाव क्रेडिट फाइलवर चढायला वेळ लागतो, तेव्हा आजच करा.

प्रश्न : बिलावर गेलं की स्वस्त पडतं ना?

उत्तर : पूर्वी नक्की पडायचं. प्रीपेवाल्यांना लागणारा जादा दर सरकारने जुलै २०२३ मध्ये स्वतःच्या पैशाने मिटवला आणि एप्रिल २०२४ पासून ऑफजेमने ती सोय कायम केली. त्यामुळे ऑफजेमने कमाल मर्यादा घातलेल्या दरात आज प्रीपे महाग नाही. उलट बिल आल्यावर पैसे भरण्याची पद्धत सर्वांत महाग. म्हणून बिलावर जायचं तर डायरेक्ट डेबिटनेच, नाहीतर खटाटोप उलटा अंगाशी येईल.

मग जायचं कशाला? एक, ठरावीक मुदतीच्या आणि रात्री स्वस्त असणाऱ्या योजना बहुतेक प्रीपेवर मिळत नाहीत. दोन, हिवाळ्याचा गॅस वर्षभरात वाटला जातो, जानेवारीत एकदम खिसा रिकामा होत नाही. तीन, प्रीपेवर उन्हाळ्यात गॅस वापरला नाही तरी स्टँडिंग चार्ज रोज साचतो. रोजचे ३० पेन्स धरले तर १२० दिवसांचे ३६ पाउंड होतात, आणि ऑक्टोबरमध्ये भरलेले ४० पाउंड क्षणात ४ होतात. प्रीपेवर राहायचं ठरलं तर उन्हाळ्यातही आठवड्याला थोडं थोडं भरत जा. हात सैल असेल आणि हिशोब जमत नसेल, तर प्रीपेच बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डायरेक्ट डेबिट लावल्यावर मीटर स्मार्ट नसेल तर दरमहा आकडा पाठवा. नाहीतर अंदाजाने बिलं येत राहतात. कंपनीच्या चुकीने राहिलेलं १२ महिन्यांपूर्वीचं बिल मात्र तुमच्याकडून मागता येत नाही.

प्रश्न : एका खोलीत राहतो. खोलीतलं नाण्यांचं मीटर मालकाने स्वतः बसवलंय. ते बदलता येईल?

उत्तर : नाही. कंपनीचं खातं मालकाच्या नावावर आहे, खोलीतलं मीटर हा त्याचा खासगी हिशोब. पण दर मात्र त्याच्या मर्जीचा नाही. मालक ज्या दराने युनिट विकत घेतो, त्याहून जास्त दर भाडेकरूला लावता येत नाही. स्टँडिंग चार्जही सगळ्या खोल्यांत वाटून घ्यावा लागतो. त्याच्याकडे बिलाची प्रत आणि हिशोब मागा. जादा घेतलेले पैसे दिवाणी न्यायालयातून वसूल करता येतात. त्याआधी ०८०८ २२३ ११३३ या सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या फुकट क्रमांकावर बोलून घ्या आणि मीटरमध्ये टाकलेल्या नाण्यांची तारखेनिशी नोंद ठेवायला लागा.