रेवदंड्यात किल्ला शोधू नका, तुम्ही आतच असता

भाऊ, तुम्ही विचारलं की दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन नागपूरहून अलिबागला जाऊन राहिलो, तर रेवदंड्याला अर्धा दिवस द्यावा का, कारण कोणीतरी सांगितलं की तिथं नुसत्या पडक्या भिंती आहेत. माझं म्हणणं, अर्धा नाही, पूर्ण दिवस द्या. मी दोनदा जाऊन आलो, एकदा आईला घेऊन.

पहिल्यांदा गेलो तेव्हा अलिबागहून एसटीनं निघालो, 17-18 किलोमीटर, आणि रेवदंड्यात उतरून एका काकांना विचारलं की किल्ला कुठं आहे, तर ते म्हणाले, "अहो, तुम्ही किल्ल्यातच उभे आहात." मागं वळून पाहिलं तर खरंच, ज्या रस्त्यानं बस आली तो रस्ता तट फोडूनच गावात शिरतो. आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे सीताबर्डीसारखी टेकडी नाहीतर गाविलगड. इथं चढायचं काहीच नाही, तटाचा घेर जवळपास 5 किलोमीटर आणि त्याच्या आत गाव, शाळा, घरं, नारळ-सुपारीच्या वाड्या, सगळं चालू. एका अंगणात सुपारी वाळत घातली होती, सालासकट, केशरी-पिवळी, आणि त्या अंगणाची मागची भिंत म्हणजे पोर्तुगीजांचा तट. मी तिथंच दहा मिनिटं उभा राहिलो. नागपुरात महाल भागात गांधी गेटखालून आपण रोज जातो नं, तसं इथले लोक त्या तटाच्या आतबाहेर करत असतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. शेजारचं चौल हे फार जुनं बंदर, 15 व्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथंच उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. मग पोर्तुगीज आले, त्यांनी तट बांधला, 1570-71 मध्ये निजामशाहीनं मोठा वेढा घातला तरी तो पडला नाही. वसई 1739 मध्ये मराठ्यांनी घेतली आणि पुढच्याच वर्षी रेवदंडाही त्यांच्याकडं आला. दरवाजाच्या कमानीवर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेलं आहे, खारं वारं लागून झिजलंय पण बोट फिरवलं की कळते. सातखणी मनोरा नक्की पाहा, आता सातही मजले राहिले नाहीत, पण पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं की मान दुखते, आणि बाजूला तोफा पडल्या आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपण समुद्र नसलेल्या गावचे लोक, ओहोटी बघून जायचं असते हेच आपल्याला माहीत नसते. समुद्राकडच्या तटाखालून चालायचं तर ओहोटीच पाहिजे. कोकणातल्या लोकांचा हिशोब सोपा आहे, तिथीचे पाऊण करायचे की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला साधारण 6 वाजता भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, 12 च्या आसपास, ओहोटी. पंचमीला पावणेचार. हॉटेलवाल्याला विचारून पक्कं करा पण अंदाज यानं येते. माझ्या पहिल्या खेपेला मी भरतीच्या वेळी पोचलो आणि अर्धा तट बघायचाच राहिला, आईला नेलं तेव्हा कॅलेंडर बघूनच गेलो. ती वाळूत चप्पल हातात घेऊन तटाला हात लावत लावत चालली, मधेच थांबून म्हणाली, "हे दगड ओलेच आहेत रे अजून."

समोर कुंडलिका खाडीपलीकडं कोर्लईचा डोंगर दिसते. तिथल्या गावात काही घरांत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, नॉ लिंग म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. तो किल्ला चढायचा आहे, तुमच्या आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर सोडा, रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी छान दिसते.

मुंबईहून गेटवेच्या लाँचनं अलिबागजवळच्या मांडव्याला जा, रस्त्याच्या धक्क्यांपेक्षा आईबाबांना तेच बरं पडेल. पावसाळ्यात त्या लाँची बंद असतात पण तुमचं दिवाळीनंतरच आहे. आणि पाणी, टोपी घेऊन जा, नोव्हेंबर म्हणून आपल्यासारखी थंडी समजू नका, दुपारी तटावर घामाच्या धारा लागतात.