रेणू दिसतच नाहीत, मग टकरीनंतर ते कुठल्या कोनात उडाले हे मोजतात कसं?

मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आणि आता रबाळे एमआयडीसीत व्हॅक्यूम पंप दुरुस्त करतो. त्यामुळे या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला पंपातच दिसतं.

वायू दाबाखाली बारीक छिद्रातून निर्वातात सोडला की तो पसरताना पार थंड होतो आणि सगळे रेणू जवळपास एकाच वेगाने निघतात. आर्गॉनचा वेग सेकंदाला साधारण 550 मीटर भरतो. असे दोन झोत एकमेकांना छेदतात तिथे टकरी होतात. त्या जागेभोवती डिटेक्टर फिरवायचा. आत आलेल्या रेणूवर इलेक्ट्रॉनचा मारा करून त्याचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, करायचा, वस्तुमानाप्रमाणे निवडायचा आणि मोजायचा. वाटेत खाचा पाडलेली फिरती चकती ठेवली, की पोचायला किती मायक्रोसेकंद लागले त्यावरून वेगही कळतो.

खरी लढाई मात्र उरलेल्या हवेशी असते. टक्कर होऊन डिटेक्टरपर्यंत येणारे रेणू इतके थोडे, की भटक्या रेणूंच्या गर्दीत ते सहज हरवतात. म्हणून डिटेक्टर कप्प्याकप्प्याने उपसत आतला दाब वातावरणाच्या लाख कोटीव्या भागाच्याही खाली नेतात. आतल्या भागाला उघडं बोट लागलं, तरी त्या तेलकट ठशातून वायू सुटत राहतो. हे मी रोज बघतो, म्हणून अशी यंत्रं उभारणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

मोजलेला कोन लगेच वापरता येत नाही, कारण दोन्ही रेणूंची जोडी मिळून पुढे सरकत असते. ठाणे-वाशी लोकलमध्ये कुणी चेंडू सरळ वर उडवला, तर ऐरोलीच्या फलाटावरून तो पुढे जाताना दिसतो ना, तसंच. जोडीचा वेग वजा केला की खरा कोन मिळतो.

आणि त्या कोनात केवढं दडलेलं असतं! पोटॅशियमचा अणू मिथाइल आयोडाइडवर आदळला, की तयार झालेलं पोटॅशियम आयोडाइड बहुतांशी मागे उसळतं: थेट धडक. आयोडीनच्या रेणूशी गाठ पडली तर ते पुढेच निघून जातं, कारण लांबूनच पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन आयोडीनवर उडी मारतो आणि मग विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. डडली हर्शबाख आणि युआन ली यांना 1986 मध्ये जॉन पोलान्यींबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते रासायनिक क्रियेतले असे बारकावे उलगडल्याबद्दलच.