बाह्यपटलाजवळ एटीपी नसतो, मग जिवाणू तिथे प्रथिनं कशी बसवतात?

तुम्ही विचारलंय की ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या दोन पटलांमधल्या पोकळीत एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) नसतो, मग बाहेरच्या पटलात प्रथिनं घडी घालून बसवायला जोर कुठून येतो? मी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. वर्गातही हा प्रश्न कुणीतरी काढतंच, आणि पुस्तकं 'बॅम संकुल बसवतं' एवढं लिहून मोकळी होतात (बॅम म्हणजे बाहेरच्या पटलातला प्रथिनांचा संच).

एटीपी खर्च होतो, पण आधीच्या टप्प्यावर. आतलं पटल ओलांडताना सेक-ए हे प्रथिन एटीपी जाळून नव्या प्रथिनाला अरुंद वाटेतून पलीकडे ढकलतं, तेही घडी न पडलेल्या धाग्याच्या रूपात. पलीकडे सुरुवातीचा संकेतखंड कापला जातो. हा धागा तसाच सोडला तर गोळा होऊन बसेल, म्हणून सर-ए आणि एसकेपी ही मदतनीस प्रथिनं त्याला धरून ठेवतात. बिनसलंच, तर डेग-पी हे विकर त्याचे तुकडे पाडतं.

आता बॅम. ई. कोलायमध्ये त्याचे पाच घटक, ए ते ई. त्यातल्या ए किंवा डीशिवाय पेशी जगत नाही. बॅम-ए स्वतःच सोळा पट्ट्यांचं पिंप आहे (प्रथिनाच्या धाग्याच्या पट्ट्या शेजारीशेजारी जुळून झालेली गोल नळी) आणि त्याची पहिली व सोळावी पट्टी जिथे भेटतात तो सांधा कच्चा असतो. तिथून ते बाजूला उघडतं. येणाऱ्या प्रथिनाची शेवटची पट्टी (तिच्या टोकाला बहुधा फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल असतं) त्या उघड्या कडेला चिकटते आणि मागून बाकीच्या पट्ट्या एकेक जोडल्या जातात. आपल्याकडे भाताची कणगी करताना बांबूचा तट्टा वळवून दोन कडा शेवटी बांधतात, तसंच इथे वर्तुळ शेवटी मिटतं आणि नवं पिंप सुटून पटलात राहतं. त्या सांध्याजवळ पटल पातळ झालेलं असतं, त्यामुळे आत शिरणं सोपं जातं.

राहिला जोर. तो प्रथिनाच्या घडीतूनच येतो. मिटलेलं पिंप इतकं स्थिर असतं की सगळी प्रक्रिया उताराला लागलेली असते. बॅम फक्त वाटेतला अडसर काढतं. पातळ कृत्रिम पटलात ओम्प-ए हे बाह्यपटलातलं प्रथिन बॅमशिवायही आपोआप घडी घालतं. पण पटलात फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमिन हा मेद भरपूर असलं की हे अडतं, आणि ई. कोलायच्या बाह्यपटलाच्या आतल्या थरात तेच जास्त असतं.

घडी पडली की नाही हे डोळ्यांनी बघता येतं. एकाच ओम्प-एचे दोन नमुने एसडीएस जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) शेजारी चालवा, एक उकळलेला, एक न उकळलेला. उकळलेला ३५ किलोडाल्टनच्या आसपास थांबतो, न उकळलेला ३०च्या जवळ पळतो, कारण साबणासारखं एसडीएसही न उकळता ते पिंप उलगडू शकत नाही. (पावसाळ्यात हा प्रयोग ठेवू नका. अर्ध्यात वीज गेली की जेल फुकट.)

पिंपं नीट बसली नाहीत तर पटल गळकं होतं. एरवी बाहेरच अडणारं व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविकही मग आत शिरतं. इथल्या मिरकरवाडा बंदरावरच्या कोळंबीतून टीसीबीएस या वाढ-माध्यमाच्या प्लेटवर हिरव्या वसाहती देणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसही ग्राम-निगेटिव्हच, त्याचंही भागत नाही बॅम-एशिवाय. आपल्या मायटोकॉन्ड्रियातलं सॅम-५० हे प्रथिनही बॅम-एच्याच घराण्यातलं.

म्हणूनच औषध शोधणाऱ्यांचा डोळा बॅम-एवर आहे. २०१९ साली सूत्रकृमींच्या आतड्यात राहणाऱ्या फोटोऱ्हॅब्डस जिवाणूंमधून डॅरोबॅक्टिन हे प्रतिजैविक सापडलं. ते त्या कच्च्या सांध्यालाच, येणाऱ्या पट्टीची जागा अडवून बसतं, आणि त्यासाठी त्याला आतलं पटल ओलांडावंच लागत नाही.