बांध पाझरतोय? आधी पाणी बाटलीत धरा

पायथ्याशी ओल दिसली म्हणून लगेच घाबरू नका, मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. ते पाणी काचेच्या बाटलीत धरून तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर आतली माती वाहून चाललीय. मग खालच्या वस्तीला कळवा, अभियंत्याला बोलवा आणि तलावाची पातळी उतरवायला घ्या. फुटण्याची चिन्हं नसतील तर दिवसाला फूटभरच. एकदम उतरवली की बांधाचा पाण्याकडचा ओला उतार घसरतो. पाझराचं तोंड चिकणमातीनं बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी वाळू, मग खडी. बांधातून जाणाऱ्या पाइपाभोवती जास्त बारकाईनं बघा, गळती बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. आणि मासे अडवायला सांडव्यावर लावलेली जाळी? काढाच ती. पाचोळ्यानं तुंबली की पाणी थेट बांधावरून जातं.