‘टॉकिंग हेड्सने’ की ‘टॉकिंग हेड्सनी’?

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कच्या ‘टॉकिंग हेड्स’ या ‘न्यू वेव्ह’ प्रकारच्या रॉक बँडविषयी लिहिताना ‘टॉकिंग हेड्सने आठ अल्बम काढले’ असे लिहावे की ‘टॉकिंग हेड्सनी’? आणि ‘द बीटल्स’प्रमाणे या नावाआधीही ‘द’ लावावा काय?

‘द’चा निकाल लगेच लागतो. तो या नावात मुळात नाहीच, आणि १९८२ साली निघालेल्या त्यांच्या थेट कार्यक्रमांच्या अल्बमचे नावच मुळी ‘द नेम ऑफ धिस बँड इज टॉकिंग हेड्स’ असे ठणकावून सांगणारे आहे. (त्यातले ‘इज’ एकवचनी आहे म्हणून ‘-ने’च्या बाजूने पुरावा सापडला असे मात्र कोणी समजू नये, तेथे कर्ता ‘नेम’ आहे, बँड नव्हे.)

वचनाचा प्रश्न अवघड आहे. विभक्तीचा प्रत्यय लागला की मराठी नामाचे अनेकवचन सामान्यरूपात कळते: डोक्याने, डोक्यांनी. ‘हेड्स’चे तसे सामान्यरूप होत नाही, ‘हेड्सांनी’ असे कोणी लिहिणार नाही. त्यातच ‘काढले’ हे क्रियापद कर्मणी प्रयोगात अल्बमांच्या मागे जाते आणि कर्ता एक की अनेक याविषयी काहीच सांगत नाही. त्यामुळे सगळा भार ‘न’वरच्या मात्रेवर किंवा वेलांटीवर येऊन पडतो. क्रीडापानांवर हा पेच केव्हाच सुटलेला आहे: ‘इंडियन्स’ हे अनेकवचन असूनही आपण ‘मुंबई इंडियन्सने सामना जिंकला’ असेच वाचतो, कारण लिहिणाऱ्याच्या मनात ‘संघाने’ असते. त्याच न्यायाने येथे मनात ‘बँडने’ असते, आणि बँड आपल्याकडे पुल्लिंगी एकवचनी आहे. म्हणून प्रश्नकर्त्याच्या वाक्यात मी ‘-ने’ लिहीन.

परंतु सर्वत्र नाही, कारण या बँडचा सारा इतिहास एक आणि अनेक यांच्या ओढाताणीचाच आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर फक्त डोके आणि खांदे दिसतील अशा चौकटीत बोलत बसलेल्या माणसाला त्या धंद्यात ‘टॉकिंग हेड’ म्हणतात. नाव तेथून आले. ऱ्होड आयलंडच्या कलाशाळेत भेटलेले डेव्हिड बर्न, ख्रिस फ्रँट्झ आणि टीना वेमथ १९७५ साली सीबीजीबी या क्लबात ‘रॅमोन्स’ या बँडच्या आधी वाजवायला उभे राहिले, तेव्हा डोकी तीन होती; १९७७ मध्ये जेरी हॅरिसन आल्यावर चार झाली. ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या जोनाथन डेमी यांच्या चित्रपटात, ज्याचे चित्रण डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात झाले, ही मोजणी डोळ्यांसमोर घडते. बर्न एकटाच रिकाम्या रंगमंचावर येतो, कॅसेट प्लेअर खाली ठेवतो आणि त्याच्या ठेक्यावर गिटार घेऊन ‘सायको किलर’ गातो. दुसऱ्या गाण्याला वेमथ बास घेऊन येते, तिसऱ्याला फ्रँट्झचे ड्रम्स ढकलत आणले जातात, चौथ्याला हॅरिसन येतो, आणि पुढे सहवादक व गायिका धरून मंचावर नऊ जण होतात. हे वर्णन करताना ‘-ने’ लिहिणे मला खटकते. एकेक माणूस मोजून घेतल्यानंतर ‘हेड्सनी मंच व्यापला’ असेच हातून उतरते.

‘रिमेन इन लाइट’च्या (१९८०) वेळी नायजेरियन संगीतकार फेला कुटीच्या संगीताचे संस्कार घेऊन सर्वांनी मिळून ठेके रचत गाणी उभी केली, त्यांच्या लेखनाचे श्रेय कोणाचे यावरून मात्र बर्न आणि निर्माता ब्रायन इनो एका बाजूला, उरलेले दुसऱ्या बाजूला अशी नाराजी झाली. डिसेंबर १९९१ मध्ये बँड संपल्याचे जाहीर झाले, तेव्हाही फ्रँट्झचे म्हणणे असे की बँड फुटला नाही, बर्न बाहेर पडला. मराठीत ‘टॉकिंग हेड्स फुटला’ लिहा की ‘फुटले’, त्या भांडणात तुम्ही नकळत साक्ष देता. मी ‘बँड फुटला’ लिहून मोकळा होतो. १९९६ साली उरलेल्या तिघांनी ‘द हेड्स’ या नावाने ‘नो टॉकिंग, जस्ट हेड’ हा अल्बम काढला आणि नावावरून प्रकरण कायदेशीर कारवाईपर्यंत गेले. येथे ‘द’ही आहे आणि माणसे स्पष्टपणे तीन आहेत, ‘द हेड्सनी’ याखेरीज काही लिहिता येणार नाही.

संशय असेल तेथे षष्ठीचा आश्रय घ्यावा, कारण ‘टॉकिंग हेड्सचे आठ अल्बम’ यात वचन उघडे पडत नाही. त्यांच्या १९८६ च्या एका गाण्यावरून नाव घेतलेल्या ‘रेडिओहेड’ या बँडला ही अडचण नाही, तेथे डोके एकच.

२०२३ मध्ये ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ पुन्हा प्रदर्शित होताना टोरंटोच्या महोत्सवात चौघे एकत्र आले आणि दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली. वाद्ये नव्हती, फक्त बोलणे होते. त्या बातमीत मी ‘टॉकिंग हेड्सनी’ लिहिले असते.